कंट्रोलचे धान्य येते, तरी चूल का अडते?





कंधार परिसरातील तांडे, वाड्या आणि आदिवासी वस्त्यांसाठी आपण धान्याची मदत मागतो, तेव्हा मंडळीतून एक प्रश्न हमखास येतो. सरकार तर रेशन फुकट देते, बायकांच्या खात्यावर पैसे येतात, शाळेत मुलांना जेवण मिळते. मग या घरांत अन्नाची चणचण कशी? विचारणाऱ्यांत अनेक जण स्वतःही मोजक्या पगारातून दान देणारे असतात. त्यांना मोघम उत्तर देणे बरोबर नाही. या अंकात तो हिशोब शक्य तितका उलगडून मांडतो आहे.

थोडक्यात सांगायचे तर, सरकारी मदत मिळते आणि ती मोठी आहे. ती नसती तर आपल्या भागातील कित्येक घरांत आज दोन वेळा चूल पेटली नसती. पण ही मदत कार्डावरच्या नावावर, ठरलेल्या गावात आणि महिन्यातून एकदा मिळते. भूक रोज लागते, घरातल्या प्रत्येकाला लागते आणि माणूस जिथे कामाला गेला असेल तिथे लागते. या दोन्हींमध्ये जी फट राहते, तिच्यातच ही घरे सापडलेली आहेत.

मिळते ते किती, लागते ते किती

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याखाली दोन प्रकारची कुटुंबे येतात. पहिला प्रकार अंत्योदयचा. त्यात कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. दुसरा प्रकार प्राधान्य कुटुंबांचा. त्यात माणशी ५ किलो मिळते. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले.

आता एक साधे उदाहरण घेऊ. घरात आजी, नवरा-बायको आणि तीन मुले अशी सहा माणसे आहेत. कष्टाच्या घरात मुख्य अन्न म्हणजे भाकरी, पोळी आणि भात. लहान-मोठे धरून माणशी दिवसाला सरासरी ३५० ग्रॅम धान्य लागते असे मानले, तर घराला रोज २ किलो १०० ग्रॅम आणि महिन्याला ६३ किलो धान्य लागेल. कार्डावर सहाही नावे असली तर ३० किलो मिळते, म्हणजे चौदा दिवसांचे. धाकट्या दोन मुलांची नावे चढली नसतील तर २० किलो मिळते, आणि ते साडेनऊ दिवसांत संपते.

दुसऱ्या उदाहरणातील घराला ४३ किलो धान्य विकत घ्यावे लागते. ३० रुपये किलोचा भाव धरला तरी त्याचे १,२९० रुपये होतात. पण नुसत्या धान्याचे जेवण होत नाही. दोन किलो तेल आणि तीन किलो डाळ एवढेच घेतले तरी आणखी सहाशे-सातशे रुपये लागतात. मीठ, मिरची, चहा-साखर आणि गिरणीवरचे दळण वेगळेच. यात भाजी नाही, दूध नाही, अंडे नाही. सगळी मिळून रक्कम दोन हजारांच्या पुढे जाते.

रेशन 'फुकट' आहे हे खरे. पण ते ताटाचा एक भाग भरते. उरलेला भाग रोख पैशाने भरावा लागतो, आणि या घरांत नेमकी रोख रकमेचीच ओढ असते. साखर फक्त अंत्योदय कार्डाला मिळते, तीही कार्डामागे एक किलो. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' सुरू झाला. त्यात शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि तेल मिळाले. लोकांना तो का आवडला हे यावरून समजते. धान्याच्या पोत्यात जे नसते तेच त्या पिशवीत होते.

अंत्योदयच्या कार्डालाही एक मर्यादा आहे. ३५ किलो हे कार्डाला आहे, माणसांवर नाही. तीन माणसांच्या घराला ते बऱ्यापैकी पुरते. आठ माणसांच्या घरात मात्र माणशी साडेचार किलोही येत नाही, म्हणजे प्राधान्य कार्डापेक्षाही कमी. मुलांची लग्ने होऊनही घर एकाच कार्डावर राहिले, तर 'सर्वांत गरिबांचे कार्ड' त्याच घराला तोट्यात नेते.

कार्डावर नाव का नाही?

मग नाव का चढवून घेत नाहीत, असे कोणीही विचारील. तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात एक शब्द ऐकायला मिळतो, 'इष्टांक'. म्हणजे राज्याला, जिल्ह्याला आणि तालुक्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. महाराष्ट्राची मर्यादा सुमारे ७ कोटी आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर ठरली. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. २०११ नंतर जन्मलेली मुले आज हायस्कुलात गेली, पण मर्यादा तीच आहे. एखादे नाव कमी झाले, कोणी मयत झाले किंवा कोणी धान्य सोडले, तरच नव्या नावाला जागा होते.

दुसरी अट उत्पन्नाची. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ४४ हजारांची मर्यादा ठरवली गेली. महिन्याला हे ३,६६७ रुपये होतात. घरातल्या एकाच माणसाला ३०० रुपये रोजाने वर्षात १५० दिवस काम मिळाले, तर ४५ हजार होतात आणि कागदावर ते घर मर्यादेच्या वर जाते. एवढ्या पैशांत सहा माणसांचे पोट भरत नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. आता कंट्रोलवर पॉस मशीनला बोट लावल्यावरच धान्य मिळते, आणि कार्डावरच्या प्रत्येक माणसाने ई-केवायसी करणे आवश्यक आहे. ज्या आजीने आयुष्यभर खुरपे धरले, कापूस वेचला, तिच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन तिला ओळखत नाही. ई-केवायसीच्या वेळी बाहेरगावी असलेल्या मजुराचे नाव अडकते. खरे तर अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१७ पासून आहेत. चेहरा दाखवून मोबाईलवर ई-केवायसी करण्याची सोयही आहे. पण ही माहिती तांड्यापर्यंत पोचलेली नसते. मशीन नाही म्हणाले की माणूस पिशवी घडी करून मुकाट घरी जातो.

केशरी कार्डाची कथा

मराठवाड्यातील आठही जिल्हे, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. नांदेड आणि लातूर त्यात आले. २०२२ मध्ये या योजनेसाठी धान्य मिळणे बंद झाले. म्हणून जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली.

पाच माणसांच्या घराला याचे ८५० रुपये होतात. पैसे देणे वाईट नाही, त्यातून घर आपल्याला हवी ती ज्वारी घेऊ शकते. पण पोत्यातले पाच किलो धान्य भाव वाढला तरी पाच किलोच राहते. १७० रुपयांचे तसे नाही. ज्वारी महागली की त्याच पैशांत कमी ज्वारी येते. शिवाय पैसे ठरलेल्या तारखेला येतीलच असा भरवसा नसतो आणि खात्यावर आले की त्यांना इतर वाटा फुटतात. धान्याचे पोते सावकार सहसा नेत नाही.

घर एका गावात, पोट दुसऱ्या गावात

दिवाळी झाली की कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतील तांड्यांवरून ऊसतोडीला ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घराचा पत्ता उसाच्या फडावरची कोपी हा असतो.

'एक देश, एक रेशन कार्ड' ही सोय याच लोकांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात सर्व राज्यांना ती लागू करायला सांगितले, आणि २०२२ पर्यंत ती देशभर झाली. कंधारच्या कार्डावर कोल्हापूरच्या दुकानातही धान्य घेता येते. पण कोपी असते शिवारात, दुकान असते गावात. पहाटे फडात उतरलेले जोडपे मोळ्या भरून परत येईपर्यंत अंधार पडतो. अनोळखी दुकानदाराने साठा नाही म्हणून सांगितले की तिथे वाद घालायला ना ओळख असते ना वेळ. मग आठवडी बाजारातून विकतचे धान्य येते. उसाचे वाढे विकून जे चार पैसे मिळतात, ते त्यात जातात.

मुलांचे आणखी नुकसान होते. शाळेतले दुपारचे जेवण आणि अंगणवाडीचा आहार हे दोन्ही गावातच राहतात. फडावर गेलेल्या मुलाच्या वाट्याला दोन्ही येत नाहीत. ज्या योजनेने मुलाचे एक वेळचे जेवण होत होते, ती वर्षातल्या सर्वांत कष्टाच्या महिन्यांतच त्याच्यापासून दूर होते.

पैसा येतो, पण आधीच गेलेला असतो

खात्यावर येणाऱ्या पैशांचा प्रश्नही असाच आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये आहेत. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचेही १,५०० रुपये येऊ लागले. ज्या घरात आजीला एक आणि सुनेला दुसरे मिळते, तिथे याचा मोठा आधार आहे. नाकारण्यात अर्थ नाही.

पण हा पैसा येतो तेव्हा घरावर काय काय देणे असते ते पाहा. बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता आठवड्याला ठरलेला असतो. तो चुकला तर गटातल्या बायका दारात उभ्या राहतात. किराणा दुकानाची उधारी असते. मुलाला ताप आला म्हणून कंधारला किंवा नांदेडला जाण्याचा खर्च झालेला असतो. हप्ता थांबवता येत नाही, औषध थांबवता येत नाही. थांबवता येते ते फक्त जेवण. डाळ पातळ होते, भाजीच्या जागी मिरचीचा ठेचा येतो, आणि घरातली बाई शेवटी जेवते. बाहेरून पाहणाऱ्याला चूल पेटलेली दिसते. ताटात काय आहे ते दिसत नाही.

गरिबाला वस्तू महागही पडते. पगारदार घर महिन्याचा किराणा एकदम भरते. रोजंदारीचे घर रोजच्या पैशांतून दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहा पावडर घेते. पुडीतला माल किलोच्या हिशोबाने नेहमीच महाग असतो. गॅसचे तेच. उज्ज्वला योजनेत शेगडी मिळाली, पण भरलेल्या टाकीचे आठशेच्या वर रुपये आधी मोजावे लागतात आणि अनुदान नंतर खात्यावर येते. एकदम आठशे रुपये काढणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या घरी टाकी कोपऱ्यात आणि तुराट्या चुलीत असतात.

शेतातले अन्न कुठे गेले?

वडीलधारी मंडळी सांगतात, पूर्वी पैसा नव्हता पण घरात ज्वारी असे. यात तथ्य आहे. सालगड्याला सालाच्या पैशांबरोबर ज्वारी ठरलेली असे. काढणीच्या वेळी मजुरी म्हणून धान्य मिळे. खळे उठल्यावर बायका-पोरे सरवा वेचायला जात. पवित्र शास्त्रात रूथने बवाजाच्या शेतात जो सरवा वेचला, तोच हा सरवा. शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावीत, अशी आज्ञा लेवीयाच्या पुस्तकात आहे. विधवेला आणि परक्याला भीक न मागता अन्न मिळण्याची ती सोय होती.

आज आपल्या शिवारात सोयाबीन आणि कापूस आहे. सोयाबीनचा सरवा वेचला तर तो विकावा लागतो, चुलीवर शिजत नाही. मजुरीही रोख झाली. तणनाशकामुळे बायकांच्या खुरपणीचे दिवस कमी झाले, मळणी यंत्राने काढणीचे दिवस कमी केले. शेतकऱ्याचाही यात दोष नाही; त्याला जे परवडते ते तो पेरतो. पण मजुराच्या घरातली कणगी गेली आणि तिची जागा रेशनच्या पिशवीने घेतली, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या पिशवीत गहू आणि तांदूळ असतो, आणि आपला माणूस भाकरीवर वाढलेला. काही घरे रेशनचा तांदूळ कमी भावात देऊन ज्वारी घेतात. हे नियमात बसत नाही, पण यावरून त्यांना धान्याची गरज नाही असा अर्थ काढणे चुकीचे आहे. भाकरीसाठी आणि तेल-मिठासाठी ते तोटा सोसतात.

वर्षातला सर्वांत कठीण काळ आषाढापासून भादव्यापर्यंतचा. ऊसतोडीची कमाई उचलीत वळती झालेली असते, पेरणी आणि शाळेचा खर्च झालेला असतो, आणि नवे पीक यायचे असते. ही गोष्ट सरकारलाही ठाऊक होती. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबे उपाशी राहू नयेत, सावकाराच्या दारी जाऊ नयेत, म्हणून १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना सुरू झाली. २०२० मध्ये करोनाच्या काळात तिचे अनुदान झाले. कुटुंबाला चार हजार रुपयांची मदत ठरली, निम्मी रोख आणि निम्मी वस्तूंच्या रूपात. पण ती त्या संकटापुरतीच होती. आषाढ मात्र दरवर्षी येतो.

त्यात अतिवृष्टी झाली की आणखी एक गोष्ट घडते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले, शेते वाहून गेली. पंचनामे झाले, ते सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याची मजुरीही त्याच पाण्यात बुडते. पण बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही.

आदिवासी असूनही योजनेबाहेर

आपल्या जिल्ह्यात आदिवासी म्हटले की किनवट आणि माहूर डोळ्यांसमोर येतात. गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती तिकडे मोठी आहे, आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही किनवटला आहे. कंधार भागात आदिवासी कुटुंबे विखुरलेली आहेत. एखाद्या गावात चार घरे, एखाद्या माळावर पारध्यांची पाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो, पण ती योजना आदिवासी उपयोजना क्षेत्रातील अंगणवाड्यांसाठी आहे. कंधारची आदिवासी माता तितकीच गरीब असली तरी त्या क्षेत्राबाहेर राहते. किनवटच्या कार्यालयात जायचे तर नांदेडवरून जावे लागते. एका कागदासाठी अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते.

दाखल्याचीही अडचण आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या काळी हा भाग हैदराबाद राज्यात होता. ज्याचा आजा शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याने हा पुरावा कुठून आणावा? आपल्या तांड्यांवरील बंजारा समाज शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बोली तीच, नातेवाईक तेच, पण सीमेच्या अलीकडे-पलीकडे योजना वेगळ्या.

दारूचे काय?

हाही प्रश्न येतो आणि तो टाळू नये. काही घरांत दारूमुळे अन्न कमी पडते, हे खरे आहे. त्या घरांतल्या बायकांचे आणि मुलांचे हाल आपले कार्यकर्ते डोळ्यांनी पाहतात, आणि व्यसनमुक्तीचे काम म्हणूनच चालू आहे. पण वर जो सहा माणसांचा हिशोब मांडला, त्यात दारूचा एक रुपयाही धरलेला नाही. ज्या घरात कोणी थेंबाला शिवत नाही, तिथेही महिना भागत नाही. काही घरांचे दुखणे सगळ्यांच्या माथी मारले, तर मूल उपाशी राहते आणि आपले मन मात्र शांत होते. तशी शांती ख्रिस्ती माणसाने घेऊ नये.

पहिल्या मंडळीने काय केले?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जात होते. वाटप चालू होते, धान्य होते, वाटणाऱ्यांची नियतही चांगली होती. तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्या वाटपातून सुटत होत्या. त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही. मदत चालूच आहे, मग तक्रार कसली, असेही म्हटले नाही. त्यांनी फक्त या कामासाठी सात माणसे निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, सगळी नावे ग्रीक आहेत. ज्या बाजूच्या विधवा सुटत होत्या, त्या बाजूची भाषा जाणणारी माणसे वाटपावर नेमली गेली.

आपल्यासाठी हा धडा अगदी जवळचा आहे. धान्याची आणखी पोती देणे हे एक काम आहे आणि आषाढात ते करावेच लागते. पण जे हक्काचे आहे ते घरापर्यंत पोचवणे हे दुसरे काम आहे, आणि त्याला पैसा थोडा आणि माणूस जास्त लागतो. एका घराच्या कार्डावर दोन मुलांची नावे चढली तर महिन्याला दहा किलो, म्हणजे वर्षाला १२० किलो धान्य त्या घरात येते, दरवर्षी. एवढे धान्य आपण दानातून द्यायचे म्हटले तर किती घरांना देऊ शकू?

म्हणून प्रत्येक मंडळीने आणि महिला संगतीने पुढील कामे हाती घ्यावीत, अशी विनंती आहे.

पहिले, आपल्या जवळच्या एका तांड्यातील किंवा वस्तीतील प्रत्येक घराचे कार्ड पाहावे. घरात माणसे किती आणि कार्डावर नावे किती, एवढेच वहीत लिहावे. मयतांची नावे कमी करून घ्यावीत. त्यातूनच नव्यांना जागा होते. लग्न होऊन वेगळ्या राहणाऱ्या मुलांची कार्डे विभक्त करायला मदत करावी.

दुसरे, दिवाळीपूर्वी, म्हणजे ऊसतोडीला ट्रक निघण्याआधी, सगळ्यांची ई-केवायसी करून घ्यावी. जाणाऱ्यांना सांगावे की त्यांचे कार्ड तिकडेही चालते. अडचण आली तर १४४४५ या क्रमांकावर आणि रेशनच्या इतर तक्रारींसाठी १९६७ वर फोन करता येतो.

तिसरे, मुले फडावर नेण्याऐवजी गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतील का, हे पालकांशी बोलावे. मूल गावात राहिले तर त्याची शाळाही टिकते आणि दुपारचे जेवणही.

चौथे, रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. २०२५-२६ साठी मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. लेखी मागणी नसेल तर काम मागितलेच नाही असे धरले जाते.

पाचवे, आपल्या दानातून दिल्या जाणाऱ्या पिशवीत तांदूळ-गव्हाऐवजी डाळ, तेल, शेंगदाणे आणि मीठ असावे. जे कंट्रोलवर मिळत नाही तेच आपण द्यावे, आणि शक्यतो आषाढ ते भादवा या काळात द्यावे.

या कामासाठी माणसे निवडताना त्याच तांड्यातली, त्याच वस्तीतली तरुण मुले-मुली घ्यावीत. गोरमाटीत बोलणारी मुलगी अर्ज भरायला बसली की आजी तिला मोकळेपणाने सांगते. आपल्याला सांगत नाही.

मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण रोजच्या भाकरीसाठी मागणे करतो. त्या मागण्यात 'माझी' नाही, 'आमची' आहे. कंधारच्या माळावरची घरेही त्या 'आमची'त येतात. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर एक वही आणि पेन घेऊन दोघे-दोघे निघालात, तर पहिल्या दिवशी दहा घरांची कार्डे सहज पाहून होतील. तिथून सुरुवात करू या.